क्लिप्पानचं सांक्त पेत्री: एकही वीट न तोडता बांधलेलं चर्च

पाणसळ (धागाकर्ता)

वीट तोडायची नाही. अद्धा नाही, पाऊण नाही, कोपऱ्यात कोंबायला रोडाही नाही. भिंती, जमीन, वरच्या कमानी, वेदी, उपदेशपीठ, धर्मगुरूंनी बसायचा ओटा, सगळं विटेचं, आणि वीट भट्टीतून आली तशी अख्खी लावायची. दक्षिण स्वीडनमधल्या क्लिप्पान गावात या एका अटीवर ल्युथरन (प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळीचं, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाचं, चर्च उभं राहिलं. नाव सांक्त पेत्री, म्हणजे संत पेत्राचं. आराखड्यांची सुरुवात १९६२ ची, चर्च उपासनेला खुलं झालं १९६६ मध्ये. वास्तुकार सिगुर्ड लेवेरेंट्स. त्याचा जन्म १८८५ चा, म्हणजे काम हातात घेतलं तेव्हा त्याने सत्तरी केव्हाच ओलांडली होती.

मी स्कोने प्रांतातच राहतो आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. विटकामाबद्दल जे काही मला कळतं त्यातलं बरंचसं या एका इमारतीने शिकवलं, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. युद्धानंतरची चर्च म्हटली की बॉम्बहल्ल्यात पडलेली आणि पुन्हा बांधलेली डोळ्यासमोर येतात. स्वीडन युद्धात उतरला नव्हता, त्यामुळे इथे अवशेष नव्हते. इथली गरज निराळी होती. माणसं शेती सोडून शहरांत आणि कारखान्यांच्या गावांत येत होती, नवी उपनगरं वसत होती, आणि तिथल्या मंडळीला उपासनेच्या जागेबरोबर सभागृह, कचेरी, तरुणांसाठी खोल्या आणि रविवारच्या उपासनेनंतर सगळ्यांनी मिळून कॉफी घ्यायला स्वयंपाकघर हवं होतं. (ही कॉफी इथे फार गांभीर्याने घेतात.) स्वीडिश चर्च तेव्हा राज्याचं अधिकृत चर्च होतं, २००० साली ते राज्यापासून वेगळं झालं. क्लिप्पानमध्ये कागदाचा उद्योग १५७३ पासूनचा, म्हणजे स्कोने डेन्मार्ककडे होतं तेव्हापासूनचा. गिरणी आणि रेल्वे यांच्या आधाराने गाव वाढलं. जुनं चर्च होतं ते ग्रोमान्स्तोर्पचं, मध्ययुगीन. वाढलेल्या गावाला गावातच चर्च हवं होतं.

लेवेरेंट्स या कामापर्यंत कसा पोचला ते सांगितल्याशिवाय इमारत नीट समजत नाही. १९१५ मध्ये त्याने आणि वास्तुकार गुन्नार आस्प्लुंडने मिळून स्टॉकहोमच्या दक्षिणेकडच्या वनातल्या दफनभूमीची स्पर्धा जिंकली. ती दफनभूमी १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथलं पुनरुत्थानाचं चॅपेल (छोटं प्रार्थनागृह) लेवेरेंट्सचं, १९२५ चं. पुढे दफनभूमीच्या मंडळाने उरलेलं मोठं काम एकट्या आस्प्लुंडकडे दिलं आणि याला बाजूला केलं. वीस वर्षं ज्या जमिनीवर काम केलं तिथून असं निघावं लागलं. त्यानंतर त्याने बरीच वर्षं एस्किल्स्टुना शहरात पोलादी खिडक्या-दारं आणि त्यांचं सामान बनवणारा कारखाना चालवला. माल्मोच्या पूर्व दफनभूमीचं काम तेवढं त्याच्या हातात राहिलं, ते जवळजवळ शेवटपर्यंत.

मग सत्तरीत त्याने स्टॉकहोमजवळच्या ब्योर्कहागेन उपनगरातल्या चर्चची स्पर्धा जिंकली. संत मार्काचं ते चर्च १९६० ला पूर्ण झालं, आणि त्यानंतर क्लिप्पान.

क्लिप्पानचं उपासनागृह चौरस आहे, साधारण १८ मीटर बाय १८ मीटर. त्याच्या दोन बाजूंना काटकोनात मंडळीच्या खोल्यांची बुटकी इमारत, आणि दोन्हींच्या मधे गल्लीसारखं अंगण. बाहेरून घंटाघराचा उंच मनोरा नाही, शिखर नाही. आत शिरायचं ते आधी एका लहान, काळोख्या खोलीतून. हे विवाहाचं चॅपेल. तिथून मुख्य जागेत आलं की पहिल्यांदा काहीच नीट दिसत नाही. मग हळूहळू वर कमानी दिसू लागतात, जमीन वेदीकडे उतरत गेलेली पायाला कळते, आणि मधोमध (खरं तर नेमका मध्यात नाही) एकच गंजल्या रंगाचा पोलादी खांब दिसतो. खांबाच्या माथ्यावर आडवी तुळई आहे, त्यामुळे त्याचा आकार क्रूसाच्या जवळ जातो. त्या तुळईवर मोठ्या तुळया, त्यांच्यावर छोटे पोलादी टेकू, आणि टेकूंवर विटेच्या कमानींचं छत. कमानी एकसारख्या रुंदीच्या नाहीत, सरळ समांतरही नाहीत.

बाप्तिस्म्याची जागा पाहून मी थांबलोच. जमिनीची वीट तिथे फुगून वर आली आहे आणि फुगवट्यात एक फट आहे. वर पोलादी चौकटीत प्रचंड मोठा पांढरा शिंपला, आणि त्यातून पाणी थेंबाथेंबाने त्या फटीत पडतं. उपासना चालू नसते तेव्हा आत तेवढाच आवाज.

आता माझं म्हणणं. वीट तोडायची नाही ही अट म्हाताऱ्याचा हेका होता असं अनेकजण मानतात. मला वाटतं त्या अटीमुळे इमारतीचा सगळा भार, नजरेचा भार म्हणतोय मी, विटेवरून दर्जेवर, म्हणजे दोन विटांमधल्या मसाल्याच्या सांध्यावर, गेला. वीट जुळत नाही तिथे दर्ज रुंद होते, कधी दोन-तीन बोटं. दर्ज हत्याराने कोरलेली नाही, भिंतीच्या पातळीत पुसून घेतली आहे. प्रत्येक दर्ज किती ठेवायची हे गवंड्याला जागेवर ठरवावं लागलं आणि लेवेरेंट्सला जागेवर उभं राहून बघावं लागलं. म्हणून ही इमारत कागदावरून उतरवलेली वाटत नाही. ती तिथेच, हातांनी ठरवलेली आहे.

---

नऊइंची

पाणसळराव, लेख दोनदा वाचला. मी कराडकडे बांधकामं घेतो, म्हणून दोन प्रश्न. एक, अद्ध्याशिवाय, म्हणजे अर्ध्या विटेशिवाय, सांधमोड (वरचे-खालचे उभे सांधे एका रेषेत न येणं) कशी साधली? एकाआड एक रद्द्याला, म्हणजे विटांच्या थराला, अद्धा लागतोच. दुसरं, दोन-तीन बोटं दर्ज म्हणजे कच्चं काम. आमच्याकडे साइटवर कुणी अर्ध्या इंचाच्या वर दर्ज सोडली तर मी रद्दा काढायला लावतो. मसाला जाड झाला की भिंतीची ताकद कमी होते, हे खरं ना?

---

पाणसळ

दोन्ही प्रश्न मुळावरचे आहेत.

सांधमोडीचं: भिंतीची दर्शनी बाजू विटेच्या रुंदीएवढ्या जाडीची, सगळ्या विटा लांबीत. कोपऱ्यावर काटकोनातल्या भिंतीच्या विटेचं डोकं येतं आणि अर्धी वीट आपोआप साधली जाते, तिथे तोडायची गरजच पडत नाही. अद्धा लागतो तो भिंत संपते तिथे आणि खिडकी-दाराच्या कडेला. तिथे उभी दर्ज फुगवून हिशोब जमवायचा. इथली वीट २५० बाय १२० बाय ६२ मिमी, आपल्या नऊ इंचीपेक्षा लांब आणि बुटकी, त्यामुळे आडव्या ओळी जास्त येतात आणि चूक पसरवून घ्यायला जागा मिळते.

ताकदीचं: तुमचं बरोबर आहे. दाब आला की जाड मसाला बाजूला पसरायला बघतो, आणि पसरताना विटेला ताणतो. वीट ताण सोसत नाही, तिला उभे तडे जातात. म्हणून आपल्याकडे दर्ज १० मिमीच्या आसपास ठेवतात. पण हे चर्च एकमजली आहे, भिंतींवर चार मजल्यांचं ओझं नाही. शिवाय हेल्सिंगबोर्गची ती गडद वीट कडक भाजलेली आहे. चार मजली इमारतीच्या पायातल्या भिंतीत मीही हे करू देणार नाही.

---

चांदणचुरा

मला हे चर्च आवडलं नाही, आणि ते मोकळेपणाने सांगते. फोटो शोधून बघितले. काळपट विटा, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खिडक्या, खाली लोंबणारे दिवे. आधीच उत्तरेत हिवाळ्यात दुपारी अंधार पडतो. अशा देशात लोक देवाच्या घरी जातात ते उजेडासाठी ना? माझ्या आजीला मी अशा ठिकाणी नेलं असतं तर ती दारातच घाबरली असती. एखाद्या म्हाताऱ्या कलावंताच्या तत्त्वासाठी गावाने पिढ्यान्‌पिढ्या अंधारात बसायचं, हे मला पटत नाही.

---

संथवाहिनी

चांदणचुरा ताई, मी स्टॉकहोममध्ये राहते, ब्योर्कहागेनचं चर्च माझ्या मेट्रोच्या मार्गावर आहे. तुमचा आक्षेप मला परका नाही. फोटोत ही दोन्ही चर्च फसवी दिसतात, कारण कॅमेरा एकतर खिडकी पांढरी करून टाकतो नाहीतर भिंत काळी. आत बसलं की डोळे सरावतात आणि मग भिंतीचे किती रंग आहेत ते कळतं: जांभळा, तपकिरी, मधेच राखाडी मसाला. नोव्हेंबरात बाहेर करडा, सपाट उजेड असतो. आत दिवे वेदीवर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर पडतात. मला ते उबदार वाटतं.

ब्योर्कहागेन क्लिप्पानपेक्षा थोडं मोकळं आहे, आजूबाजूला बर्चची झाडं, आणि चर्च त्यांच्यामधेच बसवलेलं. १९६२ मध्ये स्वीडनमधला वास्तुकलेचा कास्पर सालीन पुरस्कार त्याला मिळाला. त्या पुरस्काराचं ते पहिलंच वर्ष होतं. म्हणजे हा माणूस त्या काळी कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. पण त्याच सुमाराला नवी उपनगरं काँक्रीटच्या ठोकळ्यांत, वेगात, हजारोंनी घरं बांधत होती. त्या घाईत एका ठेकेदाराला आणि एका मंडळीला इतका वेळ द्यायला लावणं, हे मला आजही अवघड वाटतं. त्याचं श्रेय एकट्या वास्तुकाराला देऊ नये. खर्च मंजूर करणाऱ्या मंडळीच्या समितीलाही द्यावं.

---

वसईकर

धागा फार आवडला. मी कॅथलिक, त्यामुळे माझं लक्ष बांधकामापेक्षा मांडणीकडे गेलं. आराखडा पाहिला तर वेदी भिंतीला टेकलेली नाही, आणि खुर्च्या तिच्या तीन बाजूंनी. आमच्या धर्मग्रामात वडीलधारे अजून सांगतात की पूर्वी फादर लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा (आमची मुख्य उपासना) म्हणायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चच्या सुधारणांची परिषद) वेदी पुढे आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले आणि मिस्सा मराठीत आली. उपासनाविधीबद्दलचा परिषदेचा दस्तऐवज डिसेंबर १९६३ चा. क्लिप्पानचे आराखडे १९६२ पासूनचे. मग ल्युथरन लोक आमच्या आधीच तिथे पोचले होते का? आणि ल्युथरनांमध्ये उपदेश मुख्य, मग वेदीभोवती बसायचा आग्रह कशासाठी?

---

पाणसळ

वसईकर, हा प्रश्न यावा असं मनापासून वाटत होतं.

वेदीभोवती उभं राहणारे लोक, ही कल्पना दोन्ही पंथांमध्ये बरीच आधीपासून घोळत होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या उपासना-सुधारणेच्या चळवळीने सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा अभ्यास केला आणि म्हटलं की लोक प्रेक्षक नाहीत, प्रभुभोजनात तेही सहभागी आहेत. परिषदेने ते तुमच्याकडे अधिकृत केलं. स्वीडनमध्येही १९५० आणि ६० च्या दशकांत यावर जोरात चर्चा चालू होती. क्लिप्पानसाठी लेवेरेंट्सबरोबर धर्मशास्त्राचे जाणकार लार्स रिडरस्टेड्ट होते, आणि चौरस जागा, सुटी वेदी, तीन बाजूंनी बसलेली मंडळी हा विचार त्या संवादातला आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण लेवेरेंट्सबद्दल बोलताना तो एकटा, अबोल प्रतिभावंत म्हणूनच रंगवला जातो.

उपदेशाचं म्हणाल तर ल्युथरनांमध्ये प्रभुभोजन कधीच गौण नव्हतं. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार ल्यूथरने ठामपणे राखले. क्लिप्पानमध्ये वेदी, उपदेशपीठ आणि धर्मगुरूंचा ओटा एकाच विटेचे, एकाच जमिनीतून वर आलेले आहेत. त्यात थोरला-धाकटा ठरवता येत नाही. आणि बाप्तिस्म्याचा शिंपला लोकांच्या वाटेवरच आहे.

खांबाबद्दलही इथेच सांगतो. १८ मीटरचा गाळा पोलादी कैच्यांनी (छताच्या सांगाड्यांनी) विनाखांब झाकणं १९६२ मध्ये अजिबात कठीण नव्हतं. खांब ठेवायची सक्ती नव्हती, तो मुद्दाम ठेवला आहे. ज्या जागेत सगळ्यांची तोंडं मध्याकडे, तिथे मध्याजवळ क्रूसाच्या आकाराचं काहीतरी उभं आहे आणि छत त्याच्यावर टेकलंय. भिंतीवर वेगळा मोठा क्रूस टांगण्यापेक्षा मला हे कितीतरी खोल वाटतं.

---

ऱ्हाईनकाठ

जर्मनीतली दुसरी बाजू जोडतो. इथे खरोखर अवशेषच होते. वास्तुकार ओटो बार्टनिंगने १९४७ नंतर तातडीच्या चर्चचा कार्यक्रम राबवला. लाकडी सांगाडे कारखान्यात तयार करून रेल्वेने पाठवायचे, परदेशातल्या मंडळ्यांच्या देणगीतून. भिंती मात्र स्थानिक लोकांनी स्वतः बांधायच्या, पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातले दगड-विटा साफ करून. अशी चाळीसहून जास्त चर्च उभी राहिली. पहिल्यांपैकी एक फोर्झहाइममध्ये १९४८ ला, जे शहर फेब्रुवारी १९४५ च्या एका रात्रीत बेचिराख झालं होतं.

त्यात वीट अख्खी असण्याचा प्रश्नच नव्हता, मिळेल तो तुकडा लावायचा. क्लिप्पानच्या अगदी उलट. तरी दोन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे असं मला वाटतं: दोन्हीकडे गिलावा नाही. वीट कुठून आली आणि ती कुणी लावली हे झाकलेलं नाही.

---

सौंसरवाला

मध्य प्रदेशातला मराठी आहे, छिंदवाड्याकडचा. इथे ल्युथरन शब्द वाचून थांबलो, कारण आमच्याकडे तो अनोळखी नाही. छिंदवाडा, सागर, बैतूल या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशापासून स्वीडिश मिशनचं काम होतं, आणि त्यातूनच मध्य प्रदेशातलं इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च उभं राहिलं. महाराष्ट्रात प्रोटेस्टंट म्हटलं की अहमदनगरचं अमेरिकन मिशन आठवतं, पण आमच्या बाजूला स्वीडनचा धागा आहे. तिकडच्या गावातल्या मंडळीने काय बांधलं ते मराठीत वाचायला मिळालं, आनंद झाला.

---

चांदणचुरा

संथवाहिनी, पाणसळ, उत्तरं नीट वाचली. अंधाराबद्दल माझं मत थोडं हललं, पूर्ण नाही. पण दुसरा मुद्दा आहे. जमीन उतरती, विटेची, मधे फुगवटा. वॉकर घेऊन येणारी आजी, व्हीलचेअरवरचे आजोबा? उपासनेला येणाऱ्यांत वयस्करच जास्त असणार. तिथे गवंड्याच्या हाताचं कौतुक करताना त्यांच्या पायांचा विचार झाला का?

---

पाणसळ

रास्त प्रश्न. माझ्या कामातही हा रोजचा पेच आहे. विटेची खडबडीत जमीन चाकांना त्रास देते आणि उतार सगळ्यांना सारखा सोयीचा नाही, यात वाद नाही. आज कुणी नवीन चर्च बांधत असेल तर अशी जमीन करू नये असं मी सांगेन. पण तिथली जमीन उखडून सपाट करा असं मी म्हणणार नाही, कारण उतार, फुगवटा आणि पाण्याची फट हे एकच काम आहे, त्यातलं एक काढलं तर बाकीचं निरर्थक होतं. तुमचा आक्षेप मला खोडता येत नाही.

---

नऊइंची

अजून एक शंका. खिडक्यांबद्दल कुठेतरी वाचलं की चौकटच नाही. मग पाऊस?

---

पाणसळ

हो, आतून चौकट दिसत नाही. भिंतीत नुसतं भोक. काच त्या भोकात बसवलेली नाही, तर बाहेरून भिंतीच्या अंगावर ठेवलेली आहे, भोकापेक्षा मोठी, दुपदरी. पोलादी पकडींनी धरलेली आणि कडेने लवचीक लुकण भरलेलं. आत बसलेल्याला वाटतं भोक उघडंच आहे. पाऊस काचेवरून भिंतीवर ओघळतो, आत यायची वाट लुकणाने बंद.

ज्याने कित्येक वर्षं पोलादी खिडक्यांचा कारखाना चालवला, चौकटीची प्रत्येक वळणपट्टी ज्याला पाठ होती, त्याने म्हातारपणी चौकटच काढून टाकली. चौकट नेमकी काय काम करते हे पक्कं माहीत असलेलाच माणूस हे करू शकतो. आणि दुरुस्तीवाला म्हणून सांगतो, हे सोयीचंही आहे. दुपदरी काचेच्या कडा काही दशकांत निकामी होतात, आत धुकं धरतं. इथे पकडी सैल करायच्या, लुकण खरवडायचं, नवीन काच ठेवायची. विटेला धक्का नाही.

---

नऊइंची

पटलं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मळ्यात सहा फुटी कुंपणभिंत घ्यायची आहे, गिलावा नको म्हणतायत. तिथे एक गाळा अख्ख्या विटेत करून बघतो. गवंडी तयार आहे, म्हणाला वीट तोडायची नाही तर काम वाढतं, मजुरी वाढवून द्या. देणार आहे. रुंद दर्जेला मसाला कसा घ्यावा? आमचा नेहमीचा एकास सहा (सिमेंट-वाळू) तडकेल असं वाटतं.

---

पाणसळ

तडकेलच. चुना घाला: एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू. वाळू बारीक चाळू नका, थोडी जाड राहू द्या, जाड दर्जेत बारीक वाळू आणि जास्त पाणी असलं की आक्रसून भेगा पडतात. विटा आदल्या दिवशी भिजवून घ्या, पण लावताना वरून पाणी निथळत नसावं. दिवसाला रद्दे कमी चढवा, नाहीतर वरच्या वजनाने खालची ओली दर्ज दबते. दर्ज लगेच पुसू नका, बोट टेकवल्यावर ठसा उमटेल पण मसाला चिकटणार नाही इतकी घट्ट झाली की गोणपाटाने पुसा. आणि सात दिवस पाणी मारा, कराडच्या उन्हात दहा. गाळा झाला की फोटो इथेच टाका.